वारसाहक्काने आलेली चांदीची जुनी नाणी : मूल्यनिर्धारणाचा ऐतिहासिक विचार
(विशेष संदर्भ : जळगाव व धुळे जिल्हे)

प्रस्तावना

खानदेशातील शेतकरी, व्यापारी व नोकरदार कुटुंबांत आजही चांदीची जुनी नाणी आढळतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी देव्हाऱ्यात मांडला जाणारा ‘राणीछाप’ रुपया, आजीच्या पेटीतील चवल्या-पावल्यांची पुरचुंडी, सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी स्त्रियांच्या गळ्यात दिसणारी रुपयांची माळ ही त्याची परिचित रूपे होत. घरातील वडीलधारी व्यक्ती निवर्तली, वाटण्या झाल्या किंवा जुना वाडा पाडण्याची वेळ आली म्हणजे ही नाणी प्रकाशात येतात आणि वारसांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : यांची किंमत किती?

या प्रश्नाला समाजात दोन टोकांची उत्तरे दिली जातात. एका समजुतीनुसार शंभर वर्षांचे कोणतेही नाणे लाखमोलाचे असते. दुसऱ्या समजुतीनुसार नाणे म्हणजे केवळ चांदी. ती तराजूत घालावी, दर लावावा आणि मोकळे व्हावे. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिल्या समजुतीमुळे कुटुंबाची फसवणूक होते, तर दुसरीमुळे इतिहासाचे साधन मुशीत वितळते. प्रस्तुत निबंधात या दोहोंच्या मधली, इतिहासाच्या आधाराने जाणारी वाट शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

निबंधाची उद्दिष्टे

१. खानदेशात चांदीचे चलन कोणत्या टप्प्यांतून गेले, याचा मागोवा घेणे.
२. नाण्याचे दर्शनी मूल्य, धातुमूल्य, संग्राहकमूल्य व पुरावामूल्य यांतील भेद स्पष्ट करणे.
३. सामान्य कुटुंबास उपयोगी पडेल अशी परीक्षणाची पद्धत मांडणे.
४. कौटुंबिक नाणेसंचयाची नोंद का आवश्यक आहे, हे दाखविणे.

१. कलदारापूर्वीचा रुपया

फारुकी सुलतानांच्या काळात बुऱ्हाणपूर हे खानदेशचे राजकीय केंद्र होते. १६०१ मध्ये अकबराने असीरगड जिंकला आणि खानदेश मोगल साम्राज्यात आला. त्यानंतर बुऱ्हाणपूर हे टांकसाळीचे महत्त्वाचे ठिकाण ठरले. आज हे शहर मध्य प्रदेशात असले, तरी तापीच्या खोऱ्यातील व्यापाराचे ते नाक होते. त्यामुळे जळगाव जिल्ह्यातील जुन्या घरांत बुऱ्हाणपुरी रुपया मिळाला तर आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

अठराव्या शतकात मराठ्यांची सत्ता विस्तारली, परंतु चांदीच्या रुपयावर मोगल बादशहाचेच नाव व फार्सी मजकूर राहिला. लोकांचा विश्वास ओळखीच्या ठशावर होता आणि व्यापाऱ्याला विश्वासाशिवाय चलन चालविता येत नाही, हे त्यामागील कारण होय. म्हणून शाह आलमचे नाव असलेला रुपया पाहून तो दिल्लीचाच असेल, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. कोणती टांकसाळ हे ‘जरब’ या शब्दालगतच्या ठिकाणाच्या नावावरून आणि नाण्यावरील खुणांवरून ठरते. पुण्याकडील अंकुशी रुपयावर अंकुशाची खूण असे. खानदेशला लागून असलेल्या चांदवडच्या टांकसाळीतील रुपया ‘चांदोरी’ म्हणून ओळखला जाई, मात्र त्यावर चांदवडचे ‘जाफराबाद’ हे फार्सी नाव येई.

ही नाणी हातोड्याच्या ठोक्याने पाडली जात. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान असल्याने मजकुराचा काही भागच नाण्यावर उमटे. नाणे ‘अर्धवट छापलेले’ दिसते म्हणून ते खोटे समजू नये. त्याचप्रमाणे अशा रुपयावर बारीक टोचे किंवा छाप दिसतात. ते सराफांनी चांदीची पारख करताना केलेल्या खुणा असतात. संग्राहक त्यांना दोष मानतो, परंतु इतिहासकाराच्या दृष्टीने हे नाणे खरोखर बाजारात फिरले याची ती साक्ष आहे.

अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत असल्याने प्रत्येकाचा बट्टा वेगळा असे. हा बट्टा ठरविण्याचे काम सराफ व नाणावटी करीत आणि सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याचे काम पोतदाराकडे असे. पोतदार व नाणावटी ही आडनावे आजही या व्यवसायांची आठवण देतात. शेतकरी सारा भरावयास जाई तेव्हा त्याच्या हातातील रुपया ‘पुरा’ की ‘बट्ट्याचा’ हे दुसराच कोणी ठरवी. नाण्याचे मूल्य नाण्यात नसून ते पारखणाऱ्याच्या शब्दात असते, हा खानदेशी कुणब्याचा अनुभव फार जुना आहे.

२. कलदार रुपया आणि त्याचे वजन

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे येथील कारभार सोपविण्यात आला. धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बनले. चलनाच्या दृष्टीने मात्र निर्णायक वर्ष १८३५ हे होय. त्या वर्षीच्या १७ व्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविण्यात आला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि शुद्धता बारापैकी अकरा भाग, म्हणजे ९१.७ टक्के. यंत्रावर पाडलेल्या, कडेला समान दाते असलेल्या या रुपयाला लोकांनी ‘कलदार’ हे नाव दिले.

हा रुपया वजनाने बरोबर एक तोळा होता. ऐंशी तोळ्यांचा शेर धरला जाई, म्हणून ऐंशी रुपये तराजूत टाकले की शेर होई. चलन आणि वजन यांचे हे नाते आज विस्मरणात गेले आहे आणि त्यातूनच एक व्यावहारिक घोटाळा होतो. हल्ली सराफी व्यवहारात तोळा म्हणजे १० ग्रॅम असे सर्रास धरले जाते. वारसदार ‘एक रुपया म्हणजे एक तोळा’ ही आजोबांची गोष्ट ऐकून येतो, आणि त्याचा ११.६६ ग्रॅमचा रुपया १० ग्रॅमचा म्हणून मोजला गेला तर प्रत्येक नाण्यामागे १.६६ ग्रॅमचे नुकसान होते. वजन नेहमी ग्रॅममध्येच करून घ्यावे.

एका रुपयात शुद्ध चांदी १६५ ग्रेन, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम असते. अधेली ५.८३ ग्रॅम, पावली २.९२ ग्रॅम आणि चवली १.४६ ग्रॅम वजनाची असून त्यांची शुद्धता तीच आहे. चवलीचे काम १९१८ पासून निकेलच्या नाण्याकडे गेले आणि पुढील वर्षी चार व आठ आण्यांचीही निकेलची नाणी आली. त्यामुळे पुरचुंडीतील प्रत्येक पांढरे नाणे चांदीचे असतेच असे नाही.

३. राजाचे चित्र व सन : काही गैरसमज

१८३५ च्या रुपयावर चौथ्या विल्यमचे चित्र आहे. १८४० पासून तरुण व्हिक्टोरिया राणी, १८६२ पासून मुकुटधारी राणी आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’ ही उपाधी दिसते. १९०३ ते १९१० सातवा एडवर्ड, १९११ पासून पाचवा जॉर्ज आणि त्यानंतर सहावा जॉर्ज असा हा क्रम आहे.

येथे सर्वांत मोठा गैरसमज सनाविषयी आहे. १८६२ सन असलेला रुपया म्हणजे त्याच वर्षी पाडलेला रुपया नव्हे. हाच सन कायम ठेवून १८७४ पर्यंत नाणी पाडली जात होती, आणि १८३५ व १८४० या सनांच्या बाबतीतही असेच घडले. त्यामुळे १८४० व १८६२ चे रुपये घरोघरी सापडतात आणि ते दुर्मिळ नाहीत. उलट, वयाने कितीतरी लहान असलेला १९३९ चा जुन्या शुद्धतेचा रुपया अत्यंत दुर्मिळ आहे. ही दुर्मिळता प्रसिद्ध झाल्यामुळे त्या सनाचे बनावट रुपयेही बाजारात आहेत. १९११ च्या रुपयाची कथाही बोधप्रद आहे. राजाच्या झग्यावरील हत्तीची आकृती डुकरासारखी दिसते, अशी तक्रार झाल्याने तो ठसा मागे घेण्यात आला आणि १९१२ पासून सुधारित ठसा आला. म्हणून १९११ च्या रुपयाला संग्राहक अधिक किंमत देतात. सारांश, नाण्याची दुर्मिळता त्याच्या वयावर नव्हे, तर किती नाणी पाडली गेली आणि त्यांपैकी किती शिल्लक राहिली यावर अवलंबून असते.

जळगाव जिल्ह्याच्या दक्षिणेस पूर्वी निजामाचा मुलूख होता. अजिंठ्याच्या डोंगराकडील गावांत चारमिनारचे चित्र असलेला हैदराबादी ‘हाली’ रुपया मिळू शकतो. त्याचे प्रमाणित वजन ११.१८ ग्रॅम व शुद्धता ८१.८ टक्के होती आणि साधारणतः सात हाली रुपये सहा कलदारांच्या बरोबरीचे धरले जात. तो कलदाराच्या ढिगात मिसळून मोजणे म्हणजे हिशेब चुकविणे होय.

४. मूल्याची उलथापालथ : १८९३ ते १९४३

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले आणि खानदेशच्या काळ्या जमिनीत चांदी आली. त्याच सुमारास रेल्वेही आली. बँकेची सवय नसलेल्या समाजात ही बचत दोन रूपांत साठविली गेली : दागिन्यांत आणि रुपयांत. त्या वेळी दोहोंत फारसा फरक नव्हता, कारण कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे.

२६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या आणि हे समीकरण मोडले. रुपयाचे मूल्य एक शिलिंग चार पेन्स या दराशी बांधले गेले, चांदी मात्र स्वस्त होत गेली. १९०० च्या सुमारास लंडनमध्ये चांदीचा भाव औंसाला सुमारे २८ पेन्स होता. त्या हिशेबाने रुपयातील चांदी त्याच्या दर्शनी मूल्याच्या दोन-तृतीयांशाइतकीच भरते. याच काळात १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, संवत १९५६ मुळे ‘छप्पनचा’ म्हणून ओळखला गेलेला, असे दोन दुष्काळ पडले. धान्यासाठी जिने कडी-तोडे विकले तिला पडेल तो भाव घ्यावा लागला. जिच्याकडे तितक्याच वजनाचे रुपये होते तिला पुरे रुपये मिळाले. एकाच खाणीतील चांदी, परंतु एकीवर राजाची मोहर होती व दुसरीवर नव्हती. चलनधोरणाचा एवढा कडवट धडा खानदेशातील गृहिणीला दुष्काळाने दिला.

पहिल्या महायुद्धात चित्र उलटे झाले. चांदीचा भाव औंसाला ४३ पेन्सच्या वर गेला की, एक शिलिंग चार पेन्स या दराने, रुपया वितळविणे फायद्याचे ठरे. १९१७ मध्ये सरकारने नाणी वितळविण्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक रुपयाची नोट काढली. फेब्रुवारी १९२० मध्ये चांदी ८९ पेन्सपर्यंत चढली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर, लोकांनी रुपये दडविण्यास सुरुवात केली. तेव्हा गरजेपेक्षा अधिक नाणी जमविणे हा गुन्हा ठरविण्यात आला. त्या वर्षी चांदीच्या नाण्यांची शुद्धता ५० टक्क्यांवर आणली गेली. पुढे व्हिक्टोरियाची नाणी १९४१ मध्ये, एडवर्डची १९४२ मध्ये आणि दोन्ही जॉर्जची जुन्या शुद्धतेची नाणी १९४३ मध्ये चलनातून काढून घेण्यात आली. १९४७ पासून रुपया निकेलचा झाला.

मुदत संपूनही ज्यांनी नाणी खजिन्यात भरली नाहीत, त्यांच्याच घरांत ती आज आहेत. १९०० मध्ये राजाच्या मोहरेने तारलेला रुपया १९४३ नंतर पुन्हा निव्वळ चांदी झाला. कुटुंबाला मिळालेला वारसा हा असा दोनदा अर्थ बदललेला वारसा आहे.

५. मूल्यनिर्धारणाची पद्धत

वरील विवेचनावरून नाण्याच्या चार मूल्यांचा स्वतंत्रपणे विचार करावा लागतो. दर्शनी मूल्य चलनबंदीमुळे संपले आहे. उरतात ती धातुमूल्य, संग्राहकमूल्य व पुरावामूल्य.

धातुमूल्य काढण्यासाठी नाणी प्रथम शुद्धतेनुसार वेगळी करावीत. उदाहरणार्थ, एखाद्या घरात ६० रुपये आहेत. त्यांपैकी ४५ जुन्या शुद्धतेचे व १५ सन १९४० ते १९४५ मधील ५० टक्क्यांचे आहेत, असे समजू. ४५ नाण्यांत सुमारे ४८१ ग्रॅम आणि १५ नाण्यांत सुमारे ८७ ग्रॅम, अशी एकूण ५६८ ग्रॅम शुद्ध चांदी भरते. सर्वच नाणी उत्तम शुद्धतेची मानली तर हा आकडा ६४१ होतो आणि सर्वच हलकी मानली तर ३५० वर येतो. विकणाऱ्याचा गैरसमज पहिल्या दिशेने व घेणाऱ्याचा अंदाज दुसऱ्या दिशेने गेला, की भाऊबंदांत व बाजारात तंटे होतात. शुद्ध चांदीचे वजन त्या दिवसाच्या दराने गुणावे, वितळविण्याची घट सोडावी आणि झिजलेली नाणी प्रत्यक्ष वजनाने धरावीत.

खरेपणाची प्राथमिक तपासणी घरीही होऊ शकते. चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅमच्या जवळपास व व्यास सुमारे ३०.५ मिलिमीटर असावा आणि कडेचे दाते एकसारखे असावेत. पूजेसाठी राणीचे चित्र छापून विकली जाणारी आधुनिक नाणी पुष्कळ आहेत. त्यांचे वजन, अक्षरांची धार आणि कड या कसोट्यांवर ती बहुधा उघडी पडतात. ‘खणखणीत’ आवाज ही आजोबांची कसोटी आजही उपयोगी आहे, मात्र ती एकटी पुरेशी नाही.

संग्राहकमूल्य सन, टांकसाळ, ठशातील भेद आणि नाण्याची स्थिती यांवर ठरते. पाचव्या जॉर्जच्या मुंबई टांकसाळीतील रुपयावर तळाच्या कमळाखाली बारीक ठिपका असतो, कलकत्त्याच्या रुपयावर तो नसतो. अशा सूक्ष्म खुणांनी किमतीत फरक पडतो. नाणे चिंचेने वा राखेने घासणे ही दिवाळीची पद्धत संग्राहकमूल्याचा घात करते, कारण पृष्ठभागावरील काळसर छटा हा खरेपणाचा व जतनाचा पुरावा मानला जातो. माळेसाठी कडी डाखलेले नाणेही संग्राहकाच्या दृष्टीने उणे ठरते. तथापि, त्या माळेचे स्वतःचे सांस्कृतिक मूल्य आहे; नाणी सुटी करून विकणे म्हणजे एक वस्तू नष्ट करून दुसरी दुबळी करणे होय.

जुनी नाणी प्रचंड किमतीला घेण्याच्या जाहिरातींपासून सावध राहावे. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क व कर मागणाऱ्यांविषयी त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. अशा व्यवहाराशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतेही शुल्क आकारत नाही, असे बँकेने स्पष्ट केले आहे.

कायद्याचीही एक बाजू आहे. पेटीत परंपरेने आलेली नाणी वेगळी आणि जमिनीत वा भिंतीत पुरलेला ठेवा वेगळा. वाडा पाडताना दडविलेला ठेवा निघाल्यास, त्याचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असेल तर, १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. तसेच शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याच्या कक्षेत येतात आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत.

६. पुरावामूल्य : संचय हाच दस्तऐवज

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १३,००० हून अधिक चांदीची नाणी मिळाली. ती क्षत्रप नहपानाची असून त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. एका राजाने दुसऱ्याचा पराभव केला, हे त्या ढिगाने सांगितले. सुटे एक नाणे एवढे बोलके झाले नसते. तो संचय वजनाने विकला गेला असता तर सातवाहनांच्या इतिहासाचे एक पान कोरे राहिले असते.

घरातील साठ रुपयांची पुरचुंडी जोगळटेंभीच्या तोडीची नाही हे उघड आहे. परंतु तिलाही हाच नियम लागू पडतो. कोणत्या गावात, कोणत्या घरात, कोणकोणती नाणी एकत्र ठेवली होती यावरून त्या कुटुंबाने कोणत्या दशकांत बचत केली, कोणत्या दशकात ती थांबली, हाली रुपया कोठवर येत होता, दुष्काळानंतर पेटी पुन्हा केव्हा भरली हे कळू शकते. शेतकऱ्याच्या बचतीचा इतिहास सरकारी दप्तरात फार थोडा आढळतो. तो या पुरचुंडीत आहे. नाणी वेगवेगळ्या वारसांत वाटली गेली किंवा मुशीत गेली की हा दस्तऐवज कायमचा फाटतो.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून घरोघरीची दप्तरे वाचविली. त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळे येथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. कागदाच्या बाबतीत खानदेशने जी जागरूकता दाखविली, ती नाण्यांच्या बाबतीत अद्याप दाखवावयाची आहे.

निष्कर्ष व शिफारशी

१. नाण्याचे वय व त्याचे मूल्य यांत थेट संबंध नाही. दुर्मिळता, शुद्धता व स्थिती हे निर्णायक घटक होत.
२. धातुमूल्य ही किमान मर्यादा आहे. ती कोणत्याही कुटुंबाला साध्या गणिताने काढता येते व काढावी.
३. विक्री वा वाटणीपूर्वी प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन, सन व घरातील आठवण यांची यादी करावी. नाणी घासू नयेत.
४. कलदारापूर्वीची व फार्सी मजकुराची नाणी जाणकारांना दाखविल्याशिवाय मोडू नयेत. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेसारखे केंद्र खानदेशच्या शेजारीच आहे.
५. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांमार्फत कौटुंबिक नाणेसंचयांची नोंद करावी. मालकाचे नाव गुप्त ठेवून केवळ गाव, नाणी व संख्या नोंदविली तरी ते काम पुरेसे आहे.

चांदी विकण्याचा अधिकार वारसाला निश्चितच आहे. लेकीच्या शिक्षणासाठी वा आजारपणासाठी आजीने ती ठेवलेली असते, आणि त्या कामी ती खर्ची पडावी यात वावगे काही नाही. मागणी इतकीच आहे की, तराजूत टाकण्यापूर्वी ती एकदा वाचली जावी. ज्या रुपयाने दुष्काळात घर तारले, त्याची निदान एका ओळीची नोंद तरी मागे राहणे हे आपल्या पिढीचे कर्तव्य आहे.